शब्दांचे माहेर

स्क्रॅबल हा इंग्रजी शब्दांचा खेळ आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात तयार केला. खेळाडूजवळ एका वेळी सात अक्षरे असतात. ती जुळवून पटावर शब्द रचायचा असतो. सातही अक्षरे एकाच खेपेस लावली, तर ५० गुण अधिक मिळतात. म्हणून खेळाडू अनोळखी शब्द पाठ करतात. शब्द कोशात असला म्हणजे पुरे. त्याचा अर्थ कोणी विचारत नाही.

अर्थ विचारला, तर मात्र यांतील काही शब्द आपल्याला तमिळनाडूत नेऊन सोडतात. 'व्हेटिव्हर' म्हणजे वाळा. तमिळ भाषेत 'वेर' म्हणजे मूळ. 'चिरूट' हा शब्द तमिळ 'सुरुट्टु'पासून, म्हणजे गुंडाळी या अर्थाच्या शब्दापासून आला. तो मराठीतही रूढ आहे. इंग्रजीत हे दोन्ही शब्द नेमके सात अक्षरांचे आहेत. 'कॅटमरान'मध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. ओंडके दोरांनी बांधून कोळी समुद्रात जात. आज इंग्रजीत जोड-सांगाड्याच्या नौकेला हे नाव आहे. 'मलिगाटॉनी' या सारात 'मिळगु' म्हणजे मिरी आणि 'तण्णी' म्हणजे पाणी.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर येथे १८५५ पर्यंत भोसले घराण्याची गादी होती. या घराण्यातील दुसरे सरफोजी राजे इंग्रजी शिकले होते. त्यांनी समृद्ध केलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात तमिळ, मराठी आणि संस्कृत हस्तलिखितांशेजारी युरोपीय भाषांतील ग्रंथही आहेत. या भागातील मराठी कुटुंबे घरात मराठी आणि बाहेर तमिळ बोलतात. अशा घरातील माणसाला 'वेर' किंवा 'मरम' यांचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही. इंग्रजीतील हे 'अवघड' शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यातले असतात.

हे शब्द कोणी घडवले? ओंडके बांधणाऱ्यांनी, मुळे खणणाऱ्यांनी, चुलीपाशी सार उकळणाऱ्यांनी. कोशाने ते नंतर नोंदवले. शाळा सुटली म्हणून भाषा सुटत नाही. नवा शब्द भेटला, की त्याच्या गुणांआधी त्याचे माहेर विचारावे. परका वाटणारा शब्द कदाचित शेजारच्या गावचा निघेल.

स्वाध्याय
१. 'कॅटमरान' या शब्दाचा अर्थ कसा बदलला, ते लिहा.
२. 'कोशाने ते नंतर नोंदवले' या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. तुमच्या कामातील तीन शब्द लिहा व त्यांचा अर्थ सांगा.