माहिती गावाने दिली, पहिला अहवालही गावाला

विद्यापीठांची पावले आता वस्त्यांकडे वळू लागली आहेत. उन्नत भारत अभियानात महाविद्यालयांशी गावे जोडली गेली, नव्या शैक्षणिक धोरणाने समाजात जाऊन केलेल्या कामाला श्रेयांक दिले. पाड्यावर, चाळीत, बचत गटाच्या बैठकीत प्रश्नावली घेऊन येणारे विद्यार्थी आणि प्राध्यापक यापुढे वाढतच जातील. याचा मला मनापासून आनंद आहे. विद्यापीठाकडे मोजमापाची साधने आहेत, प्रयोगशाळा आहे, ग्रंथालय आहे. गावाकडे पिढ्यांचे निरीक्षण आहे आणि प्रश्न रोज सोसल्यामुळे आलेली निकड आहे. दोन्ही एकत्र आल्यावर काय घडू शकते, हे याच महाराष्ट्राने पाहिले आहे. अट एकच: ज्याने माहिती दिली, त्याचा तिच्यावर पहिला हक्क. खालची यादी या एका आग्रहातून आलेली आहे.

विषय ठरवताना

करावे: आधी ऐकावे, मग विषय लिहावा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले, तेव्हा सुरुवातीला त्यांनी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा अभ्यास हाती घेतला. अभ्यास शास्त्रशुद्ध होता. पण तो प्रश्न लोकांचा नव्हता, संशोधकांचा होता, हे पुढे त्यांनीच मोकळेपणाने सांगितले. लोकांच्या तोंडी दारू होती, बाळांचे मरण होते, आणि बायकांची कुणापाशी न बोललेली दुखणी होती. मग वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग असल्याचे दिसले, आणि त्यातल्या फारच थोड्यांची पूर्वी कधी अशी तपासणी झाली होती. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा निबंध आला. तोवर गरीब देशांतल्या बाईचे आरोग्य म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच धरले जात होते. जगाची ती समजूत बदलायला गडचिरोलीच्या दोन गावांतल्या बायकांचे बोलणे कारणी लागले.

टाळावे: मुंबई-पुण्यात विषय, गृहीतक आणि प्रश्नावली पक्की करून मग त्यात बसेल असे गाव शोधत हिंडणे.

टाळावे: सरपंचाची परवानगी मिळाली म्हणजे गावाची मिळाली असे धरणे. गावात दलित वस्ती असते, धनगरवाडा असतो, दूरचा पाडा असतो. आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याच्या क्षेत्रात तर पाड्याला स्वतःची ग्रामसभा करता येते. बायकांशी वेगळे बसावे, आणि त्यांच्या सोयीच्या वेळी. चावडीवरच्या बैठकीत मागे उभ्या राहिलेल्या बाईने मान हलवली, ही तिची संमती नव्हे.

वेळ आणि मजुरी

करावे: हंगाम पाहून जावे. बीडच्या ऊसतोड कुटुंबांचा अभ्यास जानेवारीत त्यांच्या गावी करायला गेलात, तर घरी म्हातारी माणसे भेटतील. बाकीचे फडावर, कोपीत असतात. गडचिरोलीत तेंदूच्या दिवसांत आणि रोवणीत कुणाला थांबवू नये. कोळीवाड्यात मात्र जून-जुलैच्या मासेमारीबंदीत माणसे भेटतात, जाळी दुरुस्त करता करता बोलतातही.

करावे: बुडालेल्या मजुरीची भरपाई अंदाजपत्रकात स्वतंत्र धरावी. दोन तास उत्तरे देणाऱ्या मजूर बाईचा अर्धा दिवस जातो. संशोधन सहायकाला मानधन, वाहनाला डिझेल, आणि जिच्या माहितीवर सगळे उभे तिला एक कप चहा, हे न्यायाचे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची नीतितत्त्वे प्रवासखर्च आणि बुडीत मजुरी देण्यास मान्यता देतात, त्यामुळे नियम आड येतात ही सबब टिकणारी नाही.

संमती

टाळावे: इंग्रजी अर्जावर अंगठा घेणे. मराठी अर्जही सगळीकडे पुरत नाही. माडिया, कोरकू, भिली, पावरी बोलणाऱ्या माणसाला त्याच्या बोलीत, त्याच्या ओळखीच्या माणसाकडून समजावून सांगावे. मग त्यालाच विचारावे, काय समजले ते सांगा. त्याचे सांगणे आणि अर्जावरचे लिहिणे जुळले नाही, तर संमती झालेली नाही.

टाळावे: एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरणे. अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या हवासुपाई या आदिवासी समाजाने १९९० च्या सुमारास तिथल्या राज्य विद्यापीठाच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले, मधुमेहाचा अभ्यास होणार या समजुतीने. तेच रक्त पुढे स्किझोफ्रेनिया, नात्यातली लग्ने आणि त्या समाजाचे मूळ कुठले, अशा अभ्यासांना वापरले गेले. आपण कुठून आलो हे त्यांच्या श्रद्धेत पवित्र आहे, आणि त्याचीच चिकित्सा त्यांना न विचारता झाली. प्रकरण न्यायालयात गेले. २०१० मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेले नमुने परत केले. विश्वास मात्र त्या तडजोडीत परत येत नाही.

करावे: व्यक्तीची संमती आणि समूहाची संमती, दोन्ही घ्याव्यात. नको म्हणण्याचा हक्क अभ्यास संपेपर्यंत उघडा ठेवावा.

काम चालू असताना

करावे: गावातल्या माणसांना अभ्यासक करावे, त्यांना नुसते उत्तरे देणारे ठेवू नये. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने हे फार लवकर ओळखले. तिथल्या अभ्यासगटात गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून विषय समजून घेतात. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वांच्या सहमतीने. मधमाश्या न मारता मध काढण्याची पद्धत तिथे अशा एकत्र अभ्यासातून आली. जंगलावरच्या हक्काचा कायदा येण्याच्या कितीतरी आधी हे गाव कायदे, नोंदी आणि नकाशे समजून घेत होते. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होते, ते या तयारीच्या बळावर.

बंग दांपत्याच्या सर्च संस्थेच्या नवजात बालकांसाठीच्या कामातही हेच दिसते. गावातल्या, बेताच्या शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. त्यांनी बाळाचे वजन घेतले, श्वास मोजला, जंतुसंसर्ग ओळखला आणि घरीच उपचार केले. ३९ गावांत हे काम झाले, ४७ गावे तुलनेला होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई नवजात बाळाच्या घरी जाऊ लागल्या. त्या आरोग्यदूत केवळ आकडे गोळा करत राहिल्या असत्या, तर यातले काहीच झाले नसते.

टाळावे: सेमिस्टरच्या मापाने गाव मोजणे. विद्यापीठाचे सत्र चार-साडेचार महिन्यांचे. पाण्याचा प्रश्न समजायला किमान एक पावसाळा आणि त्यानंतरचा एक उन्हाळा लागतो. दर वर्षी नवी तुकडी, नवे गाव, तीच प्रश्नावली, यातून प्रकल्प अहवालांची चळत वाढते आणि गावकऱ्यांचा संताप वाढतो. नाते विद्यार्थ्याने नव्हे, विभागाने धरावे. एकाच तालुक्यात वर्षानुवर्षे राहावे, आधीच्या तुकडीने नव्या तुकडीला गावात नेऊन ओळख करून द्यावी, कामाची वही हातात द्यावी. आयआयटी मुंबईत १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानाचे स्वतंत्र केंद्र आहे. तिथले विद्यार्थी नळयोजना कागदावर चालू असूनही पाणी का येत नाही, असे प्रश्न गावात जाऊन तपासत आले. २०१६ च्या उन्नत महाराष्ट्र अभियानाने हीच रीत राज्यातल्या इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे नेण्याचा प्रयत्न केला: महाविद्यालयाने आपल्याच जिल्ह्याचे प्रश्न, जिल्हा प्रशासनाच्या सोबतीने अभ्यासावेत. माझ्या मते, आपल्या विद्यापीठांना सर्वात जवळची आणि परवडणारी वाट हीच आहे.

टाळावे: मुदत गाठण्यासाठी लोकांच्या नावाने कागद भरणे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने लोकजैवविविधता नोंदवहीच्या कल्पनेला कायद्याचा आधार दिला. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी तिच्यासाठी आयुष्याची कितीतरी वर्षे दिली. गावातल्या जाणत्या माणसांनी आपले झाड, ओढा, मासे, बियाणे स्वतः नोंदवायचे, कॉलेजच्या मुलांनी हात द्यायचा. बरीच वर्षे हे काम रेंगाळले. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, पुढे दंडाची तंबी दिली, आणि देशभर नोंदवह्या घाईघाईने भरल्या गेल्या. ज्या नोंदवहीत गावाचा आवाज नाही ती गावाच्या उपयोगी पडत नाही, पूर्ण झालेल्यांच्या यादीत तेवढी एकाने भर पडते.

टाळावे: स्थानिक संस्थेला फुकटचा वाटाड्या समजणे. कार्यकर्त्याचे दिवस, संस्थेची जीप, लोकांमधली पत, या सगळ्यांना मोल आहे. ते प्रस्तावात लिहावे.

पैसा आणि नाव

करावे: काम सुरू होण्याआधी दोन पानांचा करार, साध्या मराठीत. माहिती कुणाकडे राहील, उपकरणे नंतर कुणाची, निबंधावर कुणाची नावे, उत्पन्न झाले तर वाटा कसा, एवढे त्यात असावे.

केरळमधल्या काणी आदिवासींची गोष्ट इथे आठवावी. १९८७ मध्ये अगस्त्य पर्वतरांगांत शास्त्रज्ञांना वाट दाखवणारे काणी तरुण एक रानफळ खात होते आणि थकत नव्हते. त्यावरून तिरुवनंतपुरमच्या वनस्पती संशोधन संस्थेने ‘जीवनी’ हे औषध तयार केले. १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के अशा अटीवर ते एका आयुर्वेदिक कंपनीला दिले, आणि त्यातला निम्मा वाटा काणींना देण्याचे ठरवले. १९९७ मध्ये काणींचा न्यास नोंदवला गेला. जगभर त्याची वाखाणणी झाली. तरीही अडचणी आल्या, कारण वनस्पती गोळा करायला आणि लावायला वनखात्याची मान्यता लागत होती, आणि सगळ्या काणी वस्त्यांना सुरुवातीपासून विचारलेले नव्हते. म्हणून करारात कुणाकुणाची सही हवी, हे आधीच शोधावे.

निष्कर्ष हाती आल्यावर

करावे: नियतकालिकाला निबंध पाठवण्याआधी गावात वाचून दाखवावा. मोठ्या अक्षरांत दोन पाने, भिंतीवर नकाशा, आणि प्रश्न विचारायला पूर्ण संध्याकाळ. लोक म्हणाले की हा आकडा चुकला आहे, तर पुन्हा मोजावे.

टाळावे: नाव न छापताही माणूस ओळखू येईल असे लिहिणे. ‘गावातल्या एकमेव विधवा अंगणवाडी सेविका’ असे लिहिल्यावर नाव झाकून उपयोग काय? सिकलसेलचा वाहक असल्याचे गावभर झाले, तर मुलीचे लग्न मोडते.

करावे: निष्कर्षाने कुणाला राग येईल, याचा विचार गावकऱ्यांसोबत आधीच करावा. वाळूउपसा, रेशनमधली गळती, रोजगार हमीची खोटी हजेरी, यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर संशोधक बसने परत जातो. माहिती देणारी आशाताई तिथेच राहते. तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था न ठरवता असा अभ्यास करू नये, आणि ती नको म्हणाली तर तिचा शब्द शेवटचा मानावा.

करावे: ज्या खात्याने पुढे काम चालवायचे, त्याला सुरुवातीपासून बरोबर घ्यावे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष उघडला, आणि प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या पोलिसांच्याच आवारात बसू लागल्या. पुढे राज्य शासनाने हे काम आपले मानले आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले. १९९६ मध्ये त्याच संस्थेतून मुलांसाठी चाइल्डलाइन सुरू झाली. तिचा १०९८ हा क्रमांक रस्त्यावरच्या मुलांनीच सुचवला. ‘दस नौ आठ’ त्यांच्या तोंडात सहज बसत होते.

करावे: जमेल तिथे जबाबदारीत उतरावे. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ सहकारावर लिहून थांबले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटील आणि लोणी परिसरातल्या शेतकऱ्यांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद धनंजयरावांनी स्वीकारले.

विद्यापीठाने

करावे: गावात वाचलेल्या अहवालाला आणि खात्याने स्वीकारलेल्या शिफारशीला पदोन्नतीत निबंधाइतके गुण द्यावेत. नीतिसमितीत वस्तीतला एक माणूस घ्यावा, आणि बैठक त्याला कळेल अशा भाषेत व्हावी.

ग्रामसभेने

करावे: आलेल्या अभ्यासकाला चार गोष्टी विचाराव्यात. हा प्रश्न कुणी ठरवला? पैसे कुणाचे? माहिती कुठे ठेवणार? अहवाल घेऊन परत कधी येणार? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत, ठरावाला क्रमांक द्यावा, आणि त्याची एक प्रत विद्यापीठाच्या कुलसचिवांना पाठवावी.