क्रियापदाची आकांक्षा आणि बाविसाचा आकडा

'दिला' एवढाच शब्द कोणी उच्चारला, तर ऐकणारा लगेच विचारतो : कोणी? काय? कोणाला? ह्या अपेक्षेला आपल्या शास्त्रकारांनी 'आकांक्षा' असे नाव दिले आहे. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त वाक्याचा अर्थ कळण्याची जी कारणे सांगितली आहेत, त्यांत आकांक्षा पहिली; मग योग्यता आणि संनिधी. 'झोपला' ह्या क्रियापदाची भूक एका कर्त्यावर भागते, 'वाचला' ह्याला दोन पदे लागतात, 'दिला' ह्याला तीन. अकर्मक, सकर्मक, द्विकर्मक म्हणून आपण शाळेत घोकले ते हेच. प्रयोजक रूप केले की एक जण वाढतो : मुलगा शिकतो, गुरुजी मुलाला शिकवतात.

संगणक हा विज्ञान शाखेचा विषय, कला शाखेच्या मुलांनी त्या वाटेला जाऊ नये, असे आमच्या वर्गात सर्रास बोलले जाते. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे कोणती वाट कोणाची हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. मला एवढेच दिसले की संगणकाच्या भाषांनाही व्याकरण असते आणि आकांक्षेचा प्रश्न तिथेही उभा राहतो.

संगणकाच्या भाषेतले क्रियापद म्हणजे फंक्शन. त्याला काही माहिती पुरवायची, ते उत्तर देते. पुरवलेल्या माहितीला आर्ग्युमेंट म्हणतात. मी येथे 'आदान' म्हणतो. आता एका फंक्शनने किती आदाने मागावीत? फंक्शनलाच मुख्य मानणाऱ्या ज्या भाषा आहेत, त्यांत ह्याची उत्तरे मोठी गमतीदार आहेत. रिच हिकी ह्यांनी २००७ मध्ये पुढे आणलेल्या क्लोजर भाषेत वीस. त्यापुढची आदाने एका यादीत कोंबावी लागतात. मार्टिन ओडरस्की ह्यांच्या स्काला भाषेत कित्येक वर्षे बावीस. बावीसच का? त्यात गूढ काही नाही. शून्य आदानांच्या फंक्शनचा एक नमुना, एकाचा दुसरा, दोनांचा तिसरा, असे तेवीस नमुने कर्त्यांनी लिहून ठेवले आणि तेथे हात थांबवला. कोठे तरी थांबणे भागच होते.

हास्केल भाषेत (१९९०) हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तेथे प्रत्येक फंक्शन एकच आदान घेते! मग 'दिला'चे काय? त्याला 'आईने' द्या. उत्तरादाखल दोन पदांची भूक असलेले नवे क्रियापद मिळते. त्याला 'मुलाला' द्या. एकाची भूक उरते. 'आंबा' दिला की वाक्य पुरे. तेवीस नमुन्यांच्या जागी एकच नमुना पुरतो. मोझेस शॉनफिंकेल ह्यांनी ही कल्पना १९२४ मध्ये प्रसिद्ध केली, पण नाव मात्र पडले हास्केल करी ह्या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाचे. ह्या पद्धतीला करीइंग म्हणतात आणि भाषेलाही त्यांचेच नाव आहे.

हे फार अमूर्त वाटत असेल, तर आपला सातबारा घ्या. महाभूलेखावर आधी विभाग निवडायचा : नागपूर. मग जिल्हा, मग तालुका, गाव आणि शेवटी गट क्रमांक. आमची जमीन उमरेड तालुक्यात. तालुका निवडताच पुढे त्याच तालुक्यातली गावे दिसतात. म्हणजे प्रत्येक उत्तरागणिक एक लहान प्रश्नपत्रिका हाती येते. गावच्या तलाठ्यापुढे माझे वडील फक्त गट क्रमांक सांगतात, कारण आधीची सारी आदाने त्याच्या खुर्चीतच भरलेली असतात. मला तर तलाठी म्हणजे अर्धवट भरलेले फंक्शनच वाटतो!

पण क्रम चुकला तर सारे बिघडते. गट क्रमांक आधी विचारला असता, तर तो क्रमांक अनेक गावांत निघाला असता. म्हणून जे क्वचित बदलते ते आधी आणि जे दर वेळी बदलते ते शेवटी, असे फंक्शन रचणाऱ्याला ठरवावे लागते. दुसरी अडचण अशी की, एखादे आदान द्यायचे राहिले तर हास्केल 'कमी दिलेत' असे तेथल्या तेथे म्हणत नाही. अर्धे भरलेले फंक्शन पुढे सरकते आणि तक्रार भलतीकडे उमटते. स्कालाचा तेवीस नमुन्यांचा खटाटोप निदान चूक जागेवर पकडतो.

क्रमाच्या बाबतीत आपली मराठी श्रीमंत आहे. 'आईने मुलाला आंबा दिला' म्हणा किंवा 'आंबा मुलाला आईने दिला' म्हणा. देणारी आईच राहते, कारण नाते प्रत्ययाने ठरते, जागेने नव्हे. फ्रान्समध्ये घडलेल्या ओकॅमल भाषेत आदानांना अशीच नावाची चिठ्ठी जोडता येते. मग ती कोणत्याही क्रमाने द्या, एकेक करूनही द्या. ती चिठ्ठी म्हणजे विभक्तीच नव्हे काय?

राहिला बाविसाचा आकडा. तो लोकांना खरोखर टोचला तो फंक्शनांपेक्षा नोंदींमध्ये. शिष्यवृत्तीच्या अर्जात रकाने सहज तीस होतात आणि स्कालातील अशी नोंद बाविसावर अडे. २०१४ मध्ये नोंदींवरचे बंधन उठले, तर २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत फंक्शनांवरचेही. तरीही तीस रकाने सुटे ठेवावेत की नाव-पत्ता एका गठ्ठ्यात, बँकेचा तपशील दुसऱ्या आणि गुण तिसऱ्या गठ्ठ्यात बांधावेत, हे भाषा ठरवून देत नाही. सातबाऱ्यात मात्र ही बांधणी फार पूर्वीच झाली आहे : मालकी नमुना सातमध्ये, पिके नमुना बारामध्ये.