आधी यंत्र धर, मग गाव

भाच्या, परवा फोनवर विचारलंस, "मामा, क्रेनचा कोर्स करू का? नोकरी कुठे मिळेल?" गाडीच्या आवाजात धड बोलता आलं नाही, म्हणून लिहून पाठवतोय.

'क्रेन ऑपरेटर' नावाचं एक काम नसतंच. हायड्रा वेगळी, टॉवर क्रेन वेगळी, कारखान्यात छताखाली चालणारी ईओटी वेगळी, बंदरात कंटेनर उचलणारी आरटीजी आणखी वेगळी. प्रत्येकीचा मुलूख ठरलेला. तू यंत्र ठरव, गाव आपोआप ठरेल.

हायड्रावर काम पटकन मिळतं, तालुक्याच्या गावातही. पण ओव्हरटाइमचा हिशोब फक्त मालकाच्या शब्दावर. शिकायला चांगली, तिच्यावर म्हातारा होऊ नकोस. बोजा पुढे लोंबकळतो, ड्रायव्हर मागे बसतो, त्याला धड दिसत नाही. म्हणून बऱ्याच मोठ्या साइटवर तिला आता आत घेत नाहीत.

चाकण-रांजणगावला ईओटी. डोक्यावर छप्पर, पीएफ, ठरलेली शिफ्ट. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतही तीच, पण तिथे खाली तापलेलं लोखंड असतं. उष्णता सोसेल त्यानेच जावं. गडचिरोलीत सुरजागडच्या खनिजावर कोनसरीला पोलादाचं काम वाढतंय. त्या बाजूच्या पोरांनी पुण्याला धावण्याआधी तिकडे चौकशी करावी. सातारा-धुळ्याच्या पवनचक्क्यांवर मोठी क्रेन येते ती ऑपरेटरसकट. तिथे बोजा बांधणारा रिगर म्हणूनच शिरता येतं, आणि पावसाळ्यात वारा सुटला की उभारणी थंडावते.

मुंबईतला टॉवर क्रेनवाला एकदा शिडी चढला की जेवायलाही खाली येत नाही. पैसा बरा. पण इमारतीचा शेवटचा मजला झाला की पुढची साइट मिळेपर्यंत घरी.

आता आमचं उरण. इथलं न्हावा-शेवा बंदर 1989 ला सुरू झालं, तेव्हा जमिनी गेलेल्या घरांतल्या आम्हा पोरांना क्रेन म्हणजे जत्रेतला पाळणा वाटायची. आरटीजीवर कुणी थेट बसवत नाही. आधी ट्रेलर, मग रीच स्टॅकर, मग ती. पायाखालच्या काचेतून मान वाकवून शिफ्टभर खाली बघायचं. माझी मान आज डावीकडे वळत नाही, ती त्याचीच. पण हेही बदलतंय. केरळात विळिंजम बंदरात तिथल्या कोळी वस्तीतल्या मुली नियंत्रण कक्षात खुर्चीवर बसून यार्डातली क्रेन चालवतात. तेव्हा कॉम्प्युटरला घाबरू नकोस, आणि तुझ्या ताईला हे काम जमणार नाही असं म्हणू नकोस.

पालघरच्या वाढवण बंदराचंही विचारलंस. पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला झाली, खर्च सुमारे 76 हजार कोटींचा. तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे, आणि समुद्रकाठच्या माणसाला तो कळतो. कंटेनरच्या क्रेन तिथे लागतील, पण आधी भराव, मग धक्के, मग क्रेन. तोवर न्हावा-शेव्यात हात बसवून घे.

कागदांत आळस नको. रस्त्यावर धावणाऱ्या क्रेनला आरटीओचं योग्य लायसन्स लागतं. बांधकामावर 90 दिवस भरले की कामगार कल्याण मंडळात नाव घाल. मुलांची शिष्यवृत्ती तिथूनच निघते. आखातात जायचं तर एजंट सरकारी नोंदणीचा आहे ना, ते बघ. त्याला 30 हजार आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. लाख मागणाऱ्याच्या दारातून परत फिर.

साइटवर 'आरिया' म्हणजे खाली, 'हाबेस' म्हणजे वर. जुन्या खलाशांची भाषा, अजून चालते. इशारा एकाच माणसाचा घ्यायचा. 'थांब' मात्र कुणीही म्हणो, अगदी चहावाला पोरगा म्हणाला तरी थांबायचं.

आणि जमीन बघ. पनवेलजवळ एका साइटवर, ऐन पावसात, लोड चार्टप्रमाणे वजन बरोबर होतं. आउटरिगरखाली लाकडी स्लीपर घालू दे म्हणालो, तर ठेकेदार म्हणाला, "दहा मिनिटांचं काम आहे, उचल." मी उचललं. भरावाच्या मातीत क्रेनचा पाय रुतला आणि बूम कलंडली. खाली कुणी नव्हतं एवढंच. कागदावर सही माझी होती, त्यामुळे चौकशीत मीच उभा राहिलो, ठेकेदाराचं नावसुद्धा आलं नाही. चार्टमध्ये बूमची लांबी असते, वजन असतं, अंतर असतं. खालच्या मातीचं काही नसतं. 'नाही' म्हटलं असतं तर फार तर ती साइट गेली असती.

कोर्सची फी भरण्याआधी डोळे तपासून घे, रंग ओळखण्याची चाचणीही कर. रिपोर्ट घेऊन रविवारी उरणला ये. नजर चोख निघाली तर मी तुला बंदराच्या गेटवर घेऊन जातो.