घर, मंडळी आणि सेवेचे पाचारण
(मंडळीतील अभ्यासवर्गासाठी धडा)

वाचण्याचे भाग : १ शमुवेल १:२०-२८, १ शमुवेल ३:१-१०, मत्तय ९:३५-३८, १ करिंथ १२:४-११.

धड्याचा मुख्य मुद्दा : बोलावणारा प्रभूच आहे, परंतु त्याची हाक ऐकू येईल असे घर आणि ती हाक पारखून घेईल अशी मंडळी असल्यावाचून सेवक तयार होत नाहीत.



आपल्या मंडळ्यांतून सेवकांसाठी प्रार्थना पुष्कळ होते. परंतु त्या प्रार्थनेबरोबर घरात जे बोलणे चालते ते पुष्कळदा निराळेच असते. “हुशार मुलाने वकील व्हावे, डॉक्टर व्हावे, सरकारी नोकरीत जावे, ज्याचे कोठे जमत नाही त्याने वाटल्यास सेमिनरीत जावे,” असे आईबापांचे विचार आम्ही अनेक गावी ऐकले आहेत. दुसऱ्याच्या मुलाने पाळक व्हावे अशी सर्वांची इच्छा. आपल्या मुलाविषयी मात्र मौन. हे असेच चालले तर दहावीस वर्षांनी आपल्या खेड्यांतील मंदिरांची दारे कोण उघडील, हा प्रश्न प्रत्येक मंडळीने आपणांस विचारावा. ह्या प्रश्नाचा विचार करण्यास मदत व्हावी म्हणून आज आपण आपल्या शेजारच्या एका मंडळीकडे, म्हणजे रोमन कॅथोलिक धर्मग्रामाकडे पाहणार आहोत. त्यांच्या व आपल्या शिकवणुकीत ज्या गोष्टी भिन्न आहेत त्या भिन्नच आहेत. तथापि शेजाऱ्याच्या शेतात चांगले पीक दिसले, तर त्याने मशागत कशी केली हे विचारण्यात कमीपणा नाही.

१. धर्मग्राम म्हणजे काय?

एका ठरावीक भागातील कॅथोलिक कुटुंबे, त्यांचे मंदिर आणि त्यांची काळजी वाहणारा प्रमुख धर्मगुरू मिळून धर्मग्राम होतो. अनेक धर्मग्रामांचा मिळून धर्मप्रांत होतो व त्यावर बिशप असतो. वसईचा धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला, आणि डॉ. थॉमस डाबरे हे त्याचे पहिले बिशप झाले.

धर्मग्रामात सेवेच्या तीन वाटा दिसतात. पहिली प्रापंचिकांची : संसार, शेती, नोकरी संभाळून जे विश्वासाने राहतात व सेवा करतात, त्यांची. दुसरी व्रतस्थांची : धर्मभगिनी व धर्मबंधू दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन अशी तीन व्रते घेऊन एकत्र राहतात. तिसरी धर्मगुरूंची. धर्मप्रांतातील धर्मगुरू ब्रह्मचर्याचे व बिशपाच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतो. दारिद्र्याचे व्रत मात्र संघात राहणारे घेतात. हा भेद आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसतो.

पूर्वी ‘पाचारण’ हा शब्द कॅथोलिक लोक बहुधा दुसऱ्या व तिसऱ्या वाटेपुरताच वापरीत. परंतु दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ ह्या काळात भरली, आणि तिने १९६४ साली स्पष्ट सांगितले की, पवित्र होण्याचे पाचारण सर्वच बाप्तिस्मा पावलेल्यांस आहे. त्याच परिषदेमुळे लॅटिन उपासनेच्या जागी लोकांच्या भाषेतील उपासना आली, आणि वसईचा शेतकरी मराठीत मिस्सा ऐकू लागला. सर्व विश्वासणारे याजक आहेत हे १ पेत्र २:९ मधील सत्य आपणांस प्रिय आहे. तेव्हा ह्या ठिकाणी शेजारी आपल्या जवळ आला, ह्याचा आपण आनंद करावा.

२. हन्नेचे घर

आता शास्त्रभागाकडे वळू. शमुवेलाच्या पाचारणाची गोष्ट मंदिरात सुरू झाली असे आपण समजतो. परंतु तिची सुरुवात हन्नेच्या घरी झाली. जे मूल तिने रडून मागून घेतले, तेच तिने दूध तुटल्यावर परमेश्वराच्या सेवेस दिले. घरी नको झालेले असे तिने दिले नाही. एकुलते एक दिले.

वसईचा इतिहास ह्याच गोष्टीची साक्ष देतो. पोर्तुगीजांची सत्ता तेथे १५३४ पासून होती. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला, तेव्हा राजाश्रय गेला आणि युरोपीय धर्मगुरूंनाही जावे लागले. परक्यांनी लावलेले हे रोप आता सुकणार, असे कोणासही वाटले असते. तसे झाले नाही. गावोगावच्या कुटुंबांनी विश्वास राखला व देशी धर्मगुरूंनी त्यांची सेवा चालविली. बाहेरून येणारा हात निघून गेल्यावर जी मंडळी उभी राहते, ती आपल्याच लेकरांच्या बळावर उभी राहते. आपल्या मंडळ्यांतील जुन्या मिशनरींचे बंगले आज रिकामे आहेत किंवा दुसऱ्या कामी लागले आहेत. म्हणून हा धडा आपणांस दूरचा नाही.

३. एलीचे काम

शमुवेलास हाक आली तेव्हा ती कोणाची हे त्यास कळले नाही. तो तीनदा एलीकडे धावला. एलीचे डोळे मंद झाले होते व त्याचे स्वतःचे घर नीट नव्हते. तरी मुलाला कोण बोलावीत आहे हे त्याने ओळखले आणि उत्तर कसे द्यावे हे शिकविले. पाचारण ऐकणारा तरुण असतो. परंतु ते ओळखण्यास वडील माणसाची गरज लागते.

फ्रान्स देशातील जॉन व्हियान्नी ह्याचे चरित्र ह्या दृष्टीने पाहावे. तो १७८६ साली लियॉन शहराजवळील दार्दिली ह्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. त्याच्या बालपणी राज्यक्रांतीचा काळ होता, आणि अनेक धर्मगुरू लपूनछपून उपासना चालवीत. त्या सेवकांस पाहून ह्या मुलाच्या मनात सेवेची इच्छा उत्पन्न झाली. परंतु शिक्षण उशिरा सुरू झालेले. लॅटिन भाषा काही केल्या येईना. सेमिनरीतील परीक्षेत तो मागे पडला. तेथेच त्याची गोष्ट संपली असती. पण एकुली गावचे धर्मगुरू बाले ह्यांनी त्यास आपल्याजवळ ठेवून घेतले, पुन्हा पुन्हा शिकविले, आणि वरिष्ठांपुढे त्याची बाजू मांडली. १८१५ साली त्यास दीक्षा मिळाली. १८१८ साली त्यास आर्स नावाच्या खेड्यात पाठविले. लोकवस्ती सुमारे २३०. ज्या गावी कोणी जाऊ इच्छीत नाही अशांपैकी ते एक गाव होते.

तेथे तो मरेपर्यंत, म्हणजे १८५९ पर्यंत, एक्केचाळीस वर्षे राहिला. १८२४ साली त्याने गरीब मुलींसाठी शाळा काढली. पुढे तेथे अनाथ मुलींचीही सोय झाली. दिवसाचे कित्येक तास तो लोकांची पापकबुली ऐकत व त्यांस धीर देत बसे. पुढे पुढे देशभरातून हजारो लोक त्या लहानशा गावाकडे येऊ लागले. १९२५ साली कॅथोलिक मंडळीने त्यास संत म्हणून जाहीर केले.

वाचकहो, व्हियान्नीचे नाव जगास ठाऊक आहे, बाले ह्यांचे फारच थोड्यांस. परंतु बाले नसते तर आर्सला तो सेवक मिळाला नसता. आपल्या मंडळीत एखादा मुलगा अडखळत प्रार्थना करतो, एखादी मुलगी शब्बाथशाळेतील लहानांस मनापासून शिकविते. त्यांस जवळ बोलावून, “बाळ, प्रभू तुला काही सांगत असेल काय?” असे विचारणारे एली आपल्यात किती आहेत?

४. एक दार बंद झाले तर?

पाचारण आहे, परंतु वाट सापडत नाही, असेही होते. वसईतच सुमारे १५५६ साली जन्मलेल्या गोन्सालो गार्सियाचे उदाहरण घ्या. त्याचे वडील पोर्तुगीज, आई कोंकणातील. लहानपणी तो वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय गुरूंजवळ शिकला, आणि तरुणपणी त्यांच्याबरोबर जपानात गेला. तेथील भाषा त्याने उत्तम आत्मसात केली व धर्मशिक्षकाचे काम केले. परंतु त्या संघात प्रवेश मिळण्याची त्याची इच्छा पूर्ण झाली नाही. तेव्हा त्याने व्यापार धरला. व्यापारात त्याचे चांगले चालले. तरी मन तेथे रमले नाही. पुढे फिलिपाईन्स बेटांत मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात साधा धर्मबंधू झाला. १५९३ साली त्या संघाचे लोक जपानात गेले, तेव्हा त्यांचा दुभाषी म्हणून हाच वसईकर बरोबर होता. जी भाषा निराशेच्या काळापूर्वी शिकला, तीच पुढे सेवेस लागली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे हिदेयोशीच्या आज्ञेने सव्वीस जणांस वधस्तंभावर देण्यात आले. त्यांत गोन्सालो होता. १८६२ साली त्यास संत ठरविण्यात आले.

संतांस विनंती करण्याची चाल आपल्यात नाही. परंतु विश्वासू माणसांचे स्मरण करावे हे इब्री पत्राचा अकरावा अध्याय आपणांस शिकवितो. गोन्सालो धर्मगुरू नव्हता; त्याने मोठे ग्रंथ लिहिले नाहीत. दुसऱ्याचे शब्द लोकांस समजतील असे करणे हे त्याचे काम. अशा कामासही प्रभू बोलावतो, आणि त्यात प्राणही द्यावा लागतो.

५. संसारात राहून सेवा

फ्रेडरिक ओझानाम हा पॅरिस शहरात कायद्याचा अभ्यास करणारा वीस वर्षांचा विद्यार्थी. ख्रिस्ती धर्माने पूर्वी पुष्कळ केले असेल, पण तुम्ही आज गरिबांसाठी काय करीत आहा, असा टोमणा विरोधकांनी त्यास मारला. त्याने वाद वाढविला नाही. १८३३ साली काही मित्रांसह त्याने गरिबांच्या घरी जाऊन मदत करण्याचे काम सुरू केले. कोणत्या घरी जावे हे त्यांस रोझाली रांदू नावाच्या एका धर्मभगिनीने दाखविले. ह्यातूनच संत विन्सेंट द पॉल ह्यांच्या नावाचा संघ निघाला. तो आज जगभर अनेक धर्मग्रामांत काम करीत आहे. ओझानाम पुढे प्राध्यापक झाला, त्याने लग्न केले, त्यास एक मुलगी झाली. म्हणजे त्याचे पाचारण संसारातले होते. धर्मभगिनीने वाट दाखविली, विद्यार्थी चालला. करिंथकरांस पौल जे सांगतो तेच हे : दाने अनेक, आत्मा एक.

६. परीक्षा हवी

पाचारण मनास वाटले एवढ्याने ते सिद्ध होत नाही. कॅथोलिक मंडळीत धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्यास तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान मिळून निदान सहा वर्षे शिकावे लागते. धर्मभगिनीस निदान एक वर्ष उमेदवारी करावी लागते. मग काही वर्षांपुरती व्रते, आणि त्यानंतर जन्माची व्रते. दीक्षेच्या विधीत, हा योग्य आहे अशी तुमची खात्री आहे काय, असे बिशप विचारतात, आणि लोकांत चौकशी केल्याचे उत्तर दिले जाते. मग उमेदवार जमिनीवर पालथा पडून राहतो व सर्व मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करते. सेवकाने मंडळीच्या पायाशी पडून सुरुवात करावी, हे दृश्य पाळकांनीही मनात ठेवण्याजोगे आहे.

परंतु सत्य सांगावयाचे तर सर्व सांगावे. ह्या परीक्षेतून गेलेल्यांपैकी काहींनी लहान मुलांवर अत्याचार केले, आणि काही वरिष्ठांनी ते झाकले, हे अनेक देशांत उघड झाले आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहरातील प्रकरण २००२ साली बाहेर आले. हे पाप एकाच पंथाचे आहे असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. झगा घातल्याने कोणी परीक्षेच्या पलीकडे जात नाही. एलीच्या पुत्रांकडे मंदिराची सेवा होती, आणि त्यांस आवरले नाही म्हणून सर्व घराण्याचा नाश झाला. ज्या मंडळीत सेवकास प्रश्न विचारता येतात तीच मंडळी सुरक्षित.

७. आपण काय करावे?

१९६४ पासून कॅथोलिक मंडळी पुनरुत्थानकाळातील चौथा रविवार, ज्या दिवशी उत्तम मेंढपाळाविषयीचा शास्त्रभाग वाचतात तो, पाचारणासाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळते. आपल्या मंडळीनेही वर्षातून असा एक रविवार ठरवावा. परंतु मत्तयाच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी थांबू नये. तेथे प्रभू शिष्यांस कामकऱ्यांसाठी प्रार्थना करावयास सांगतो. आणि लगेच दहाव्या अध्यायात त्याच शिष्यांस पाठवितो. ज्याने प्रार्थना केली त्याच्याच दारात उत्तर येऊन उभे राहिले. कामकरी धाड, असे म्हणणाऱ्या बापाने आपल्या मुलाकडे पाहून ‘आमेन’ म्हणावे. मंडळीनेही, ज्यास सेवेस पाठविले त्याचे पोट भरते की नाही, त्याची मुले शिकतात की नाही, ह्याची काळजी वाहावी. सेवकास उपाशी ठेवून सेवक मिळत नाहीत अशी तक्रार करणे हे प्रभूपुढे टिकणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. हन्नेने मूल दिले ते व आपण देऊ पाहतो ते, ह्यांत कोणता फरक आहे?
२. आपल्या मंडळीत एलीचे काम कोण करीत आहे?
३. गोन्सालोचे एक दार बंद झाले. त्याने घालविलेला काळ व्यर्थ गेला काय?
४. संसारात राहून आपल्या गावी ह्या महिन्यात कोणत्या दोन घरी आपण मदतीस जाऊ?
५. गेल्या वर्षी आपल्या मंडळीने पाळकाच्या निर्वाहासाठी काय दिले? ते पुरेसे होते काय?

प्रार्थनेचा विषय : ह्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने आपल्या मुलामुलींची नावे घेऊन, “प्रभो, ह्यांपैकी ज्यास तू बोलाविशील त्यास आम्ही अडविणार नाही,” अशी प्रार्थना करावी.