ज्या मुलाला वाईट वाटत नाही

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांपुढे एक प्रश्न ठेवतो. दोन मुले एकाच प्रकारचा अपराध करतात. लहानग्याला ढकलून त्याचा खाऊ हिसकावतात. रागे भरताच एक मान खाली घालतो. दुसरा मात्र रडणाऱ्याकडे कोरड्या नजरेने पाहत खात राहतो. दोघांनाही एकच छडी योग्य काय?

पहिल्याची सदसद्विवेकबुद्धी जागी आहे. त्याला स्वतःला आवरता येत नाही एवढेच. दुसऱ्याची अडचण निराळी असू शकेल. गंभीर वर्तनदोष असलेल्या मुलांपैकी काहींमध्ये दिसणाऱ्या चार खुणा अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली नमूद केल्या. अपराधाची टोचणी नसणे, दुसऱ्याच्या दुःखाची पर्वा नसणे, अभ्यासात मागे पडल्याची खंत नसणे आणि भावना उथळ असणे, या त्या खुणा होत. यांपैकी निदान दोन खुणा बारा महिने, आणि घर, शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसाव्या लागतात. तेव्हा एका रविवारच्या खोडीवरून कोणावर शिक्का मारू नये.

अशा मुलांना इतरांच्या चेहऱ्यावरील भीती ओळखणे जड जाते व शिक्षेचा धाकही कमी वाटतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मी एकदा अशा एका मुलाच्या हातावर पट्टी मारली. तो हसला, शेजारची मुलगी रडू लागली. धाक जिथे आधीच होता, तिथेच तो पोहोचला!

मग उपाय काय? ग्राझिना कोहान्स्का या संशोधिकेने १९९७ साली लहान मुलांविषयी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. भित्र्या मुलांचा विवेक सौम्य शिस्तीने वाढतो. निर्भय मुलांचा मात्र आईशी असलेल्या जिव्हाळ्याच्या नात्याने. निर्भय मूल निष्ठुर असतेच असे नाही. तरी धाक चालत नाही तिथे नाते चालते, हा धडा आपल्या कामाचा आहे.

म्हणून नियम सोडू नका. खाऊ परत द्यायला लावा. "त्याच्या डोळ्यांकडे बघ, काय दिसते?" असे शांतपणे विचारा. चांगले वागताच त्याच क्षणी शाबासकी द्या. इतर मुलांना इजा होऊ देऊ नका. घरी मारहाण होत नाही ना, हेही पाहा. सततच्या भयानेही काही मुलांचे मन बधिर होते. क्रूरपणा टिकून राहिला, तर पालकांना मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास सुचवा.

विचारासाठी : आपल्या वर्गातून आपण ज्याला घालवू पाहतो, त्याच्याशी जिव्हाळ्याने बोलणारे दुसरे कोणी आहे काय?