वळणावर गाडी बोलते, ती ऐकावी

कापडाच्या धंद्यात आम्ही वडीलधाऱ्यांकडून एक गोष्ट शिकलो. थान समोर आले की आधी चिमटीत धरून पोत पाहावा, भाव नंतर विचारावा. गाडीच्या बाबतीत मात्र आम्ही हा शहाणपणा वापरला नाही आणि त्याची किंमत मोजली.

रविवार पेठेतून मांजरीला माल आणण्यासाठी आमच्याकडे एक जुनी छोटी मोटार होती. सोलापूर रस्ता सोडून मांजरीकडे वळताना पुढच्या चाकातून 'टक-टक-टक' असा आवाज येई. सरळ रस्त्याला लागलो की बंद. एका मिस्त्रीने चाकाचे बेअरिंग बदलले. आवाज राहिला. दुसऱ्या बाजूचेही बदलले. आवाज तरीही राहिला. मग आम्ही कानाडोळा केला. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, गाडीत ड्रेस मटेरियलचे गठ्ठे भरलेले असताना, वळणावर 'कडाड' झाले. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण गाडी जागची हलेना. भाड्याच्या टेम्पोने माल दुकानात पोहोचेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे गेले होते. ईदच्या तोंडावरची एक संध्याकाळ म्हणजे काय, हे व्यापारी बांधवांना सांगायला नको.

चूक एकट्या मिस्त्रीची नव्हती. "आवाज येतो" एवढेच आम्ही सांगितले. केव्हा येतो, हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.

रोग कोठे होता?

आमच्या गाडीला इंजिनची ओढ पुढच्या चाकांना होती. ही चाके गाडी ओढतात आणि वळतातही. सरळ दांडा वाकत नाही, म्हणून दांड्याच्या टोकाला असा सांधा लागतो की जो वाकलेल्या स्थितीतही चाक एकसारखे फिरवील. त्याला सीव्ही जॉइंट म्हणतात. १९२० च्या दशकात अल्फ्रेड र्झेपा या इंजिनिअरने तो बनवला. आत सहसा सहा पोलादी गोळ्या असतात. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि हा सांधा गल्लीबोळातल्या गॅरेजात पोहोचला. त्याआधीच्या अँबेसेडर आणि फियाट मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या.

या सांध्यावर रबराची टोपी असते. तिला बूट म्हणतात. बूट फाटला की ग्रीस उडते आणि धूळ आत जाते. मग गोळ्यांची वाट झिजते व वळताना टकटक सुरू होते. बूट वेळेवर बदलला तर काम शेकड्यांत भागते. आवाज सुरू झाल्यावर नुसते ग्रीस भरून फायदा नाही. सांधा बदलावाच लागतो आणि खर्च हजारांत जातो.

आवाजावरून ओळख

आधी डिकीतला जॅक आणि पाने सैल लोळत नाहीत ना, चाकांचे नट घट्ट आहेत ना, हे पाहावे. मग मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरमध्ये सावकाश गोल फिरावे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एक माणूस बाहेर थोडा दूर उभा राहून ऐकेल तर उत्तम.

१) टकटक, एक्सलेटर दिला की वाढते : सीव्ही जॉइंट. बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूचा. डावीकडे वळताना वाजला तर उजवा पाहावा.

२) घूंऽऽ असा आवाज, वेगाबरोबर वाढणारा : चाकाचे बेअरिंग. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजव्या बेअरिंगचा संशय घ्यावा. जॅक लावून चाक वर-खाली हलवून व फिरवून पाहावे.

३) उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना करकर : शॉकॲब्सॉर्बरच्या वरचे बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा खालच्या आर्मचे बुश. खड्ड्यात धडधडही होत असेल तर उशीर करू नये.

४) पूर्ण वळवल्यावर कण्हल्यासारखा आवाज : तेलाचे पॉवर स्टिअरिंग असेल तर तेल कमी किंवा पट्टा ढिला. विजेच्या पॉवर स्टिअरिंगला हे तेल नसते.

५) घासल्याचा आवाज : टायर मडगार्डच्या आतल्या पत्र्याला किंवा प्लास्टिकला लागतो. टायरचे माप चुकलेले असते किंवा गठ्ठे जास्त भरलेले असतात.

आपले बरेच बांधव ओम्नी किंवा ईको वापरतात. ओम्नीचे उत्पादन २०१९ साली थांबले, तरी रस्त्यावर ती अजून दिसते. या दोन्ही गाड्यांत ओढ मागच्या चाकांना असते. त्यामुळे पुढे सीव्ही जॉइंट शोधणे व्यर्थ. वळताना मागून घरघर किंवा खटखट आली तर डिफरन्शियलचे तेल तपासावे. वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. हा हिशोब जुळवणारे आतले छोटे गिअर सरळ रस्त्यावर स्वतःभोवती जवळजवळ फिरतच नाहीत, वळणावरच फिरतात. म्हणून त्यांचा दोष वळणावर उघडा पडतो.

थांबावे केव्हा?

टकटक करणारी गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. परंतु चाक हातानेच डुगडुगत असेल, किंवा बॉल जॉइंट ढिला असेल, तर एक फेरीही करू नये. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवे होते आणि स्टिअरिंग हाती राहत नाही. त्यापेक्षा टेम्पोचे भाडे स्वस्त.

मिस्त्रीकडे जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : कोणत्या बाजूला वळताना, किती वेगात, एक्सलेटर देताना की सोडताना, रिकाम्या गाडीत की भरलेल्या. मिस्त्रीही कारीगर आहे. नेमकी माहिती मिळाली तर तोही नेमके काम करतो. तेल बदलताना दोन्ही बाजूंचे बूट बॅटरीच्या उजेडात पाहून घ्यावेत.

जुनी गाडी घेताना सरळ रस्त्यावर चालवून समाधान मानू नये, दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावी. आणि विकताना आवाज ठाऊक असेल तर तो आधी सांगावा. डागी थान आपण गिऱ्हाइकाला दाखवूनच विकतो, गाडीला वेगळा कायदा नाही. आमची ती गाडी पुढे विकली, तेव्हा कोणता सांधा कधी बदलला हे आम्ही सांगितले. भाव थोडा कमी आला, पण घेणारा आजही आमच्याच दुकानातून कापड नेतो.