बायकार्बोनेट कमी आलंय? सोड्याचा डबा आधी जागेवर ठेवा

रक्ताच्या रिपोर्टमधले साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन हे आकडे आता घरोघरी ओळखीचे झालेत. खाली कुठेतरी बायकार्बोनेटची ओळ असते. काही लॅब तिला ‘टोटल सीओटू’ म्हणतात. तिथे ठळक अक्षरांत १७ दिसलं, की घरातला कुणीतरी हुशार शोध लावतो : अहो, हा तर आपला खाण्याचा सोडा! शोध बरोबर आहे. पण त्यावर चमचाभर सोडा पाण्यात ढवळून देणं मात्र चूक. हा आकडा म्हणजे आजार नव्हे, आजाराकडून आलेला निरोप आहे.

खाल्लेल्या अन्नातून, विशेषतः प्रथिनांतून, शरीरात रोज आम्ल तयार होतं. बायकार्बोनेट ते झेलतं. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसं बाहेर टाकतात आणि खर्च झालेला साठा किडन्या पुन्हा भरतात. मोठ्या माणसांत तो साधारण २२ ते २९ मिलिमोल प्रति लिटर असतो. लॅबगणिक थोडा फरक पडतो, म्हणून शेजारच्या रकान्यातली मर्यादाच धरा.

आकडा जेमतेम खाली, म्हणजे २१ वगैरे असेल आणि माणूस ठणठणीत असेल, तर आधी नमुन्यावर शंका घ्या. नळी अर्धवट भरली, झाकण उघडं राहिलं किंवा तपासायला उशीर झाला, तर वायू उडून जातो आणि आकडा खोटाच उतरतो. डॉक्टरांना विचारून तपासणी पुन्हा करून घेतलेली बरी.

माणूस मात्र ठणठणीत नसेल, तर दुसऱ्या रिपोर्टची वाट पाहू नका. धावल्यासारखा खोल, जोरजोरात श्वास, सतत उलट्या, पोटदुखी, गुंगी, बरळणं यांपैकी काही असेल तर थेट दवाखान्यात जा. मधुमेह असेल तर दुप्पट घाईने. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांत साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन साचू शकतात. ‘साखर तर दोनशेच आहे’ म्हणून घरी थांबणं महागात पडतं. कडक उपास, जुलाब-उलट्या किंवा ठरलेली शस्त्रक्रिया असेल तेव्हा ही गोळी थांबवायची का, हे आधीच विचारून ठेवा.

आता कागद-पेन घ्या. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेटची बेरीज वजा करा. उरतो तो अ‍ॅनायन गॅप. तो साधारण ८ ते १२ असतो. समजा सोडियम १३८, क्लोराइड ११०, बायकार्बोनेट १७, उरले ११. गॅप नेहमीचाच, म्हणजे सोडा शरीरातून वाहून गेलाय, बहुधा जुलाबातून, किंवा किडनीला तो राखता येत नाहीये. दुसरा रिपोर्ट बघा : १३६, ९८ आणि १२. उरले २६. इथे नवं आम्ल साचलंय : कीटोन, लॅक्टिक आम्ल, निकामी होत चाललेली किडनी किंवा एखादं विष. हे गणित निदान करत नाही (रक्तातलं अल्ब्युमिन कमी असेल तर ते फसवतंही), पण डॉक्टर कशाच्या मागे आहेत हे तुम्हाला उमजतं. क्लोराइडची तपासणीच झाली नसेल, तर ती मागून घ्या.

जुलाबातला उपाय साधा आणि जुना आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना साखर-मिठाचं जे पाणी पाजलं, त्यात खाण्याचा सोडाही होता. पुढे १९८४ पासून त्याच्या जागी सायट्रेट आलं, कारण उष्ण हवेत ओआरएसची पुडी जास्त टिकते; शरीर त्याचं बायकार्बोनेटच करतं. पुडीवर एक लिटर लिहिलं असेल तर एक लिटरच पाणी घ्या, पेल्यात अंदाजाने नको.

आकडा वर गेला असेल, तर दोन गोष्टी आधी आठवा : उलट्या आणि लघवी होण्याच्या गोळ्या. दोन्हींत क्लोराइड-पोटॅशियम निघून जातं आणि सोडा मागे उरतो. अ‍ॅसिडिटीसाठी दिवसातून चार वेळा फसफसणारी पावडर पिणारेही यात सापडतात, फक्त ते तिला औषध मानत नाहीत, म्हणून सांगत नाहीत. फुप्फुसांच्या काही जुनाट विकारांत शरीरात कार्बन डायऑक्साइड अडकतो आणि त्याला तोल द्यायला किडनी बायकार्बोनेट वाढवते. तिथे आकडा खाली आणायचा नसतो. अशा माणसाला घरी ऑक्सिजन लावलेला असेल, तर मनाने त्याचा प्रवाह वाढवू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या पातळीवरच ठेवा.

जुन्या किडनीविकारात मात्र सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या खरोखर दिल्या जातात. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात, त्याला कारण आहे. केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत २२ च्या खाली गेलं की गोळ्या सुचवल्या होत्या. २०२४ च्या सूचनांत उदाहरणादाखल १८ हा आकडा आहे. फळं-भाज्यांनीही आम्लाचा भार हलका होतो, पण पोटॅशियम चढं असेल तर तो रस्ता बंद.

मग डब्यातला सोडा का नको? एक ग्रॅम सोडियम बायकार्बोनेटमध्ये जवळपास २७४ मिलिग्रॅम सोडियम असतं. चहाच्या चमच्यात पाचेक ग्रॅम मावतो, म्हणजे सव्वा ग्रॅमहून जास्त सोडियम. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा दोन ग्रॅमच्या आतली आहे. गोळी मोजून मिळते, चमचा मोजून भरत नाही. आणि धुण्याचा सोडा ही तर वेगळीच, घसा-पोट जाळणारी वस्तू; बिनलेबलच्या डब्यांच्या घरात हे सांगावं लागतं.

गोळ्या सुरू झाल्या की रोज सकाळी वजन आणि बीपी वहीत टिपा. लोहाची किंवा इतर औषधं किती अंतराने घ्यायची ते विचारा. दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलोंनी वाढलं, घोट्यापाशी बोट दाबून खळगा पडू लागला किंवा आडवं झालं की धाप लागू लागली, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.